कोजे बेटाचे ओक

माझ्या शेजारणीचं मधलं नाव ओक. पहिलं नाव आणि आडनाव तिला आयोवातल्या मक्याच्या शेतावर राहणाऱ्या एका गोऱ्या जोडप्याने दिलं. मधलं तेवढं ती कोरियाहून येताना घेऊन आली होती, चालायला नुकती लागली असताना, एका अनोळखी बाईच्या कडेवर बसून. तिच्या दत्तक आईवडलांनी ते पुसलं नाही, याबद्दल ती त्यांचे फार उपकार मानायची. ते नाव तिचं नव्हतंच, हे मला तिच्या कितीतरी आधी कळलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते आता लिहिते.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये तिचं टाउनहाउस आणि आमचं टाउनहाउस यांच्यात एकच भिंत आहे. तिकडे मिक्सर लागला की इकडे कळतं. ती एका दातांच्या दवाखान्यात काम करते, लोकांचे दात साफ करून देते. घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही. माझ्याच वयाची, म्हणजे पन्नाशीला टेकलेली. आमची ओळख आधी बर्फ उपसताना होणाऱ्या हाय-हॅलोपुरतीच होती. ती वाढली ती कुलवृत्तांतामुळे.

माझ्या सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. जाडजूड पुस्तक, मूळ पुरुषापासून सगळ्या शाखा, कोण कुठे गेला, कुणाला किती मुलं. त्याची नवी आवृत्ती काढायचं घराण्यातल्या एका काकांनी मनावर घेतलं होतं. काका हृदयाचे डॉक्टर, फार वर्षांपूर्वी इकडे आलेले, आता निवृत्त. दर रविवारी त्यांचा फोन. "सूनबाई, नॉर्थ कॅरोलिनाची शाखा आली का? मॉरिसव्हिलचे तीन भाऊ अजून फोटो पाठवत नाहीयेत. जरा झापा त्यांना." अमेरिकेतल्या शाखा टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. मी नोकरीत आकडे जुळवते, विम्याच्या कंपनीत, त्यामुळे काकांना वाटायचं, हिच्याकडून चूक होणार नाही.

तर डायनिंग टेबलवर वंशावळीचे कागद पसरलेले, आणि शेजारीण आमचा डबा परत द्यायला आली. तिला मी दिवाळीच्या चकल्या दिल्या होत्या. ती कागदांकडे बघत उभीच राहिली.

"हे काय आहे?"

"आमचं घराणं. म्हणजे नवऱ्याचं."

"हे सगळे तुम्हाला नावाने माहीत आहेत?"

"आम्हाला म्हणजे, कुणाला तरी माहीत होते. आम्ही नुसते उतरवतोय."

ती खुर्ची ओढून बसली. बोटाने एकेक रेघ वरपर्यंत नेत राहिली. मग म्हणाली, "माझं झाड काढलं तर काय असेल माहीत आहे? एक ठिपका." आणि हसली. तिला स्वतःवर विनोद करायची सवय होती. मी विचारलं, काहीच माहिती नाही का? तर म्हणाली, बुसानच्या बस स्टेशनवर सापडले, तिथल्या एका अनाथालयात होते, आणि कागदावर ओक हे आडनाव आहे.

मी टाळीच वाजवली. "ओक? अगं, आमच्याकडे पण ओक असतात!"

"हो का? शाळेत मला रोज विचारायचे, आर यू ओके? पाचवीपर्यंत. मग त्यांनाच कंटाळा आला."

त्या दिवसापासून मी तिच्या आडनावाच्या मागे लागले. कामाला लागले असंच म्हणायला हवं, कारण मला ते काम आवडायला लागलं. ऑफिसातून आल्यावर मी वाचत बसायचे. कोरियात आडनावं एकूण थोडी. दर पाच माणसांत एक किम. मग ली, मग पार्क, या तिघांतच जवळजवळ निम्मा देश. आणि त्यांच्या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात हे ओक, साऱ्या देशातले मिळून एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढे. प्रत्येक आडनावाला मूळ गाव असतं, ते बदलत नाही, माणूस कुठेही राहो. ओकांचं मूळ गाव दक्षिणेकडचं, उइर्यंग नावाचं. पण पिढ्यान्‌पिढ्या त्यातले पुष्कळ जण राहतात एका बेटावर, कोजे नावाच्या. म्हणजे उइर्यंगचे ओक, वस्ती कोजेला. जसे आमच्यात मूळचे अमुक गावचे, वतन तमुक ठिकाणी. त्यांच्यातही वंशावळीची पुस्तकं असतात, आमच्या कुलवृत्तांतासारखीच, जाडजूड. त्यांच्यातही एकाच मूळ गावाच्या एकाच आडनावात लग्न चालत नसे. अगदी सगोत्र! मला असं झालं की अरे, ही तर आपलीच माणसं.

आणि त्यात ती गोष्ट सापडली. कोरियात एक राजघराणं बुडालं, नव्या राजाने जुन्या घराण्याच्या माणसांना होड्यांत घालून समुद्रात बुडवलं, त्यातली एक जागा हे कोजेच. जे वाचले त्यांनी म्हणे आपल्या आडनावाच्या चिनी अक्षरात एक टिंब वाढवलं, राजा या अर्थाच्या अक्षराचं ओक झालं, आणि ते लपून राहिले. मी ही गोष्ट शेजारणीला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितली. अंगात आल्यासारखी सांगितली. तिचे डोळे भरले.

"म्हणजे मी लपलेल्या लोकांतली."

"कदाचित."

'कदाचित' मी म्हटलं होतं. पण कसं म्हटलं होतं, तेही मला आठवतं.

आम्हाला आडनावाची ही खोड आहे. मंडळाच्या कार्यक्रमात नवीन कुणी दिसलं की पहिला प्रश्न, आडनाव काय? दुसरा, मूळचे कुठले? या दोन प्रश्नांत आम्ही समोरच्याचं गाव काढतो, जात काढतो, बहुतेक वेळा दूरचं एखादं नातंही काढतो, आणि मग निवांत होऊन समोसा खातो. आडनाव कळलं की माणूस कळला, हा आमचा ठाम समज. तो मी उचलून दुसऱ्याच देशातल्या बाईवर ठेवला.

ती मला भेटण्याआधीपासून एका गोष्टीचा विचार करत होती. शिकागोतल्या कोरियन वकिलातीत दत्तक गेलेल्या माणसांना डीएनए देता येतो. तिकडे कोरियात ज्या आयांनी मुलं सोडली किंवा हरवली, त्याही पोलीस ठाण्यात जाऊन आपला डीएनए देऊन ठेवतात. जुळला तर कळवतात. तिने मला विचारलं, देऊ का?

मी म्हटलं, "कशाला? ते ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी. तुझ्याकडे आडनाव आहे, आणि तेही इतकं मोजकं. एका बेटावर सगळी भाऊकी आहे. तिथे जाऊन उभी राहिलीस तर तासाभरात कुणीतरी म्हणेल, ही आमच्या अमक्याची."

तिने थोड्या दिवसांनी परत विचारलं. मी परत तेच म्हटलं. खरं तर तिला तेच ऐकायचं होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणारी बाई, पण स्वतःच्या गालाच्या आत कापसाची काडी फिरवायला घाबरत होती. कारण काडी फिरवली आणि पलीकडून काहीच आलं नाही, तर ते कायमचं काहीच नाही. बेटाचं तसं नव्हतं. बेटावर जाता येतं.

मी तिला काकांकडे जेवायलाही नेलं. काकांनी तिला श्रीखंड वाढत वाढत सांगितलं, आपण नुसत्या आडनावावरून वर्ध्याकडची एक अख्खी शाखा कशी शोधून काढली. "गाव सापडलं की माणसं सापडतात," काका म्हणाले, "यू गो टू द व्हिलेज. सिंपल." काकू म्हणाल्या, "अहो, तिला जेवू द्या आधी." ती हसत होती. परत येताना गाडीत म्हणाली, मी तिकीट बुक करते.

तिने बुक केलं.

मला वाटलं, नुसतं पाठवण्यापेक्षा आधी कुणाशी तरी बोलून ठेवावं. आमच्या ऑफिसात एक वयस्क कोरियन गृहस्थ होते, माझे सीनियर, किम आडनावाचे, अर्थातच. मितभाषी. त्यांना मी विनंती केली की ओकांचं काही मंडळ असेल तर फोन करून विचाराल का, एक बाई येतेय म्हणून. त्यांनी बुसानमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा नंबर मिळवला, ओकांच्या कुळमंडळात असलेल्या. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, म्हणजे तिकडच्या सकाळी, आम्ही एका रिकाम्या मीटिंग रूममधून फोन लावला. स्पीकरवर. पलीकडचा आवाज खणखणीत, आनंदी. मी सरांकडे बघत होते. सर आधी हसत बोलत होते. मग त्यांनी अनाथालयाचं नाव सांगितलं, आणि पलीकडचे गृहस्थ बराच वेळ बोलत राहिले. सर फक्त 'ने, ने' म्हणत होते. म्हणजे हो, हो.

फोन ठेवून सरांनी चष्मा काढला.

"त्या अनाथालयाचा संचालक ओक होता," ते म्हणाले. "कोजेचाच. ज्या मुलांना नाव नव्हतं, त्यांना तो आपलं आडनाव द्यायचा. नोंदणीला आडनाव लागतं म्हणून. पुष्कळ अनाथालयांत असं व्हायचं. ते म्हणाले, आम्हाला त्या मुलांविषयी आदर आहे, पण ती आमच्या वंशावळीत नाहीत. तुमची मैत्रीण कुणाचीही असू शकते."

"पण ते टिंबाचं? राजाचं?"

"लोक सांगतात तसं. दुर्मिळ आडनावाला राजा लागतो." मग म्हणाले, "तिला लवकर सांगा. हे डीएनएनेच कळेल. आया आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत."

मी हो म्हटलं.

घरी आले तर शेजारीण दारात उभी. हातात एक नवीन बॅग, चाकांची, लाल. "ही बघ! सेलवर मिळाली." मी म्हटलं, छान आहे. तिने विचारलं, आज उशीर? मी म्हटलं, मीटिंग होती. खोटं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगून टाक की यार, त्यात काय." मी म्हटलं, हो, शनिवारी सांगते. शनिवारी तिने मला तिच्याकडे बोलावलं आणि तांदळाचे कोरियन केक खायला घातले, स्वतः केलेले, पहिल्यांदा. चिवट झाले होते. ती म्हणाली, तिकडच्या माझ्या लोकांना सांगू नकोस हां, मला हसतील. 'माझ्या लोकांना.' मी खाल्ले. सोमवारी सरांनी ऑफिसात विचारलं, "सांगितलं?" मी म्हटलं, "हो." "कसं घेतलं तिने?" मी म्हटलं, "शांतपणे."

हे मात्र खोटं होतं.

मी स्वतःला तेव्हा सांगत होते की तिचा आनंद कशाला मोडायचा, ट्रिप होऊ दे, बेट बघू दे, आल्यावर सांगू. हे सगळं खरंच वाटत होतं मला. पण त्याच्या तळाशी काय होतं ते मला ठाऊक आहे. मी चुकले होते, आणि मोठ्या आवाजात चुकले होते. काकांसमोर, नवऱ्यासमोर, तिच्यासमोर. तिच्या आयुष्यात मी ती होते जिला माहीत असतं. ती जागा मला सोडवेना. एवढ्याशा गोष्टीसाठी.

ती गेली आणि परत आली. चेहरा उजळलेला. बेटावरच्या एका ओक कुटुंबाने तिला जेवायला घातलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी तिला नासपती सोलून सोलून खायला दिल्या आणि तिचा हात धरून बसल्या. मुलाने तिला डोंगरावर पूर्वजांच्या थडग्यांपाशी नेलं, कसं वाकायचं ते दाखवलं. तिच्या फोनमध्ये तो फोटो होता. ही पाठमोरी, गवतावर कपाळ टेकलेलं. नुकतंच कापलेलं गवत.

"त्यांनी काय विचारलं?" मी विचारलं.

"खूप काही. कुठलं अनाथालय, कोणतं साल. दुभाषी मुलगी म्हणाली, ते एकमेकांशी पुष्कळ बोलले. पण मग आजी म्हणाल्या, बस, जेव."

मला कळलं की आजींनाही कळलं होतं. त्या दयेने गप्प राहिल्या, आणि ही परत जाणार होती म्हणून. मी गप्प राहिले तेव्हा ही भिंतीपलीकडेच होती, रोज.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात माझ्याकडून काहीच घडलं नाही, आणि तोच अपराध आहे. ती कोरियन शिकायला लागली. दुसऱ्यांदा बेटावर गेली. तिथल्या बाजारात, चर्चमध्ये, बंदरावर स्वतःचा लहानपणीचा फोटो छापून लावून आली. सुट्ट्या, बचत, सगळं त्या एका बेटावर. दत्तक गेलेल्या कोरियन लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात ती लिहायला लागली. सर रिटायर होऊन मुलाकडे जर्सी सिटीला राहायला गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमची मैत्रीण कशी आहे, आई सापडली का? मी म्हटलं, शोधतेय. कुलवृत्तांत छापून आला. काकांनी प्रस्तावनेत माझे आभार मानले.

तिची आयोवाची आई नर्सिंग होममध्ये गेली. नव्वदीची. तिनेच एकदा हिला म्हटलं म्हणे, तू ते गालातलं टेस्टिंग करून टाक बाई, मी आहे तोवर. मला त्या दुसऱ्या बाईला थँक यू म्हणायचं आहे. मग मात्र शेजारीण वकिलातीत गेली. मला न विचारता. मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंस. मनात म्हटलं, आता जे होईल ते माझ्या हाताबाहेर. मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते.

उत्तर आलं ते या वसंतात. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, कामाच्या कपड्यांत, दवाखान्याच्या निळ्या.

"जुळलं," ती म्हणाली.

मी तिला मिठी मारायला पुढे झाले. तिने हात वर केला, थांब म्हणून.

"ती गेली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. देगूला राहायची. डीएनए देऊन ठेवला होता तिने, कितीतरी वर्षांपूर्वी. एक मुलगा आहे, सावत्र भाऊ माझा. तो म्हणाला, आई दर वर्षी एकदा पोलीस ठाण्यात विचारायला जायची. चालता येत होतं तोवर." ती खुर्चीवर बसली. "आणि मी जन्माने किम निघाले. किम! पाचातली एक. मी कुठल्या राजाबिजाची नाही." ती हसली, तिच्या सवयीप्रमाणे, पण तोंड नीट मिटेना.

मी चहा टाकला. आलं ठेचलं. माझी पाठ तिच्याकडे होती.

मग ती म्हणाली, "पण मग हे ओक कुठून आलं?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं, 'काय माहीत.' दोन शब्द. जिभेवर होते. मी गॅस बंद केला आणि पाठमोरीच सांगितलं. संचालकाचं, आडनाव देण्याचं, फोनचं, सरांचं. सांगून झाल्यावर वळले.

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"तू पहिल्यांदा गेलीस त्याच्या आधीपासून."

"तिकीट काढण्याआधी?"

"काढल्यावर."

ती हिशेब करत होती. मला दिसत होतं. मी आकड्यांतली बाई, मीही तो कधीच केला होता. त्या आठवड्यात मी बोलले असते आणि तिने काडी फिरवली असती, तर देगूची बाई चालत होती. पोलीस ठाण्यात जाऊन विचारत होती.

"मी तुला डीएनएबद्दल विचारलं होतं."

"हो."

"दोनदा."

"हो. मी—"

"सॉरी म्हणू नकोस. प्लीज. मला ते आता कुठे ठेवू कळणार नाही."

ती उठली. चहा तसाच राहिला. दार हळू लावून गेली. तिने ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

काकांना मी फोनवर सांगितलं. मला कुणीतरी रागवायला हवं होतं. काका म्हणाले, "अगं, पण त्या माणसाने पोरांना नाव दिलं. आपल्यात दत्तकाला नव्या बापाचं गोत्र मिळतंच की. तो त्या कुळाचाच होतो. वाईट काय त्यात?"

वाईट काहीच नाही. त्या संचालकाने जे होतं ते दिलं. पण काका बोलत होते आणि मला आठवत होतं: तिने डबा परत आणला त्याच आठवड्यात मी टाइप करत होते, माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा दत्तक आलेले. कंसात. 'दत्तक, मूळ आडनाव अज्ञात.' म्हणजे आडनाव म्हणजे रक्त, या जोरावर मी तिला बेटावर पाठवलं, आणि माझ्या घरातलं आडनावच रक्ताने आलेलं नाही, हे मी स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं. मला शिकायला सरांचा फोनही नको होता. मी ते लिहिलं आणि पुढच्या नावाकडे गेले.

"काका, तिची आई वाट बघत होती," मी म्हटलं.

काका म्हणाले, "हो. ते आहे." नंतर दर रविवारचे फोन कमी झाले. मी करत नाही, तेही करत नाहीत.

भिंतीपलीकडे शांतता होती. ती देगूला जाऊन आली. बॅग ओढत नेताना मला खिडकीतून दिसली. आयोवाची आई ती तिकडे असतानाच वारली. तेही मला दुसऱ्या शेजाऱ्याकडून कळलं. मी दाराशी फुलं ठेवली. दुसऱ्या दिवशी फुलं तिथेच होती, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग मीच उचलली.

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. तीच. आत आली, टेबलाशी बसली, फोन टेबलवर ठेवला. चहा नको म्हणाली.

"त्या ग्रुपमध्ये मी लिहीत होते," ती म्हणाली. "इतकी वर्षं. ओक असाल तर कोजेला जा. सगळे ओक तिथलेच. मी जाऊन आले, लोक फार चांगले आहेत. डीएनएच्या भानगडीत पडू नका, ते ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यासाठी." तिने माझ्याकडे पाहिलं. माझेच शब्द होते, जसेच्या तसे. "लोकांनी ऐकलं. मिनेसोटात एक आहे, मिशिगनला दोघं भाऊ, ओरेगनला एक. सगळे त्याच अनाथालयातले. कोरियाच्या बाहेर ओक कुठे कुठे पसरलेत, तुला आवडेल ना नकाशा काढायला? ते सगळे त्या एका माणसाचे ओक आहेत. आणि ते सगळे बेट शोधत बसलेत, मी सांगितलं म्हणून."

"तू त्यांना लिहिलंस?"

"रोज लिहायला बसते. पाठवत नाही." तिने फोन पुढे सरकवला. "तेव्हा मला कळलं तुझं काय झालं असेल. मला ते कळायला नको होतं. म्हणून मी तुझ्यावर जास्त चिडले आहे."

मग तिने मिनेसोटाच्या बाईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तू सांग," म्हणाली. "सुरुवात तू केलीस."

पलीकडून एक हसरा आवाज आला. मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी कुणाला तरी बूट शोधायला सांगत होतं. शेजारणीने माझी ओळख करून दिली: माझी शेजारीण आहे, तिला तुझ्याशी ओकबद्दल बोलायचं आहे. "ओह, वाव!" ती बाई म्हणाली. "आम्ही पुढच्या महिन्यात जातोय ना. मी, मुली, सगळे. मुलींनी टी-शर्ट करून घेतलेत, पाठीवर ओक!"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. कुठलीही प्रस्तावना मी केली नाही एवढं आठवतं. आधी संचालक, मग आडनाव, मग हे की तुम्ही त्या बेटाच्या असण्याचं काही कारण नाही, तुम्ही कुणाच्याही असू शकता. मी हे वर्षानुवर्षं जाणून होते, आणि सांगितलं नाही, हेही सांगितलं. टीव्ही बंद झाला. कुणीतरी म्हणालं, मॉम? ती म्हणाली, वन मिनिट.

पलीकडे एक दार लागलं.

"तिकीट रिफंडेबल नाहीये," ती म्हणाली. आवाज सपाट झाला होता. मग, "ते सॅम्पल कुठे देतात?"

मी सांगितलं. आधी अर्ज करावा लागतो, वकिलातीत वेळ घ्यावी लागते, काडी फक्त गालाच्या आत फिरवायची, दुखत नाही. आणि म्हटलं, आज करा. सोमवारची वाट बघू नका. त्या बाईने ओके म्हटलं आणि फोन ठेवला. थँक यू म्हणाली नाही.

मी शेजारणीकडे बघितलं. ती रडत नव्हती. तिने फोन उचलला, मिशिगनचा नंबर शोधला, लावला आणि वाजायला लागल्यावर परत माझ्यासमोर ठेवला.